पातळ रसा

तळ्याकाठच्या बालिगे गावाच्या बाजाराला लागून पत्र्याच्या छपराखाली टपऱ्यांची एक ओळ आहे. तिच्यातली तिसरी टपरी तिओमिनारची. नवरा गेल्यापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, ती तिथे पहाटेपासून दहापर्यंत एकच पदार्थ विकत आली होती : गोमाक. काडीसारख्या सरळ जाड शेवया उकडायच्या, हाताच्या मुठीने उचलून ताटलीत घालायच्या, आणि वर नारळाच्या दुधाचा पिवळाजर्द तिखट रसा ओतायचा. रशात दुधीचे काप, लाल मिरची आणि आंदालिमान. तिरफळाच्याच कुळातला हा दाणा. जिभेवर पडला की आधी लिंबासारखा झोंबतो आणि मग ओठ बधिर करून सोडतो. बाहेरगावचा माणूस पहिल्या घासाला दचकतो. बालिगेच्या माणसाला त्याच्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

तिचा धाकटा भाऊ मानाहान लुंग्या विणायच्या गिरणीत मेकॅनिक होता. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे तो साधं बोलायचा तेही ओरडून. गिरणीत लागल्यापासून बावीस वर्षं, पाळीवर जाण्याआधी रोज सव्वासहाला तो टपरीत शिरायचा आणि “इतो!” अशी हाक मारून कोपऱ्यातल्या बाकावर बसायचा. तिकडे भाऊ बहिणीला इतो म्हणतो आणि बहीणही भावाला इतोच म्हणते. तिओमिनार त्याला काय हवं ते कधी विचारायची नाही. इतरांना एक मूठ, त्याला दोन. इतरांना एक पळी रसा, त्याला दोन पळ्या, आणि पातेल्यावर तरंगणारा लालसर तवंग खास त्याच्यासाठी बाजूला सारून ठेवलेला. आईबाप लवकर गेले, तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ती सोळाची. तिनेच त्याला वाढवलं. लाड करायचा तिला हाच एक प्रकार येत होता.

तीन वर्षांपूर्वी त्याला रक्तदाब निघाला होता, तेही तिला ठाऊक होतं. “प्रेशर गिरणीच्या बॉयलरला असतं, इतो, मला कसलं?” असं तो म्हणायचा, टपरीतली माणसं हसायची, आणि तिओमिनारही हसायची. पुढे ते हसू तिला फार आठवलं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी माग दुरुस्त करताना त्याच्या उजव्या हातातला पाना गळून पडला. तो उचलायला म्हणून वाकला आणि तिथेच आडवा झाला.

दवाखान्याच्या बोळात सगळा गोतावळा जमला होता. डॉक्टरांनी बाहेर येऊन नेहमीचे प्रश्न विचारले. गोळ्या घेत होता का, दारू किती, खाण्यात काय असतं. मानाहानची बायको दामेरिया शाळेत शिक्षिका होती, बोलायची ती मोजकं आणि स्पष्ट. तिने डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. तिने तिओमिनारकडे बोट केलं.

“यांना विचारा. बावीस वर्षं रोज सकाळी ह्याच खाऊ घालतायत त्याला. मीठ आणि तेल, मीठ आणि तेल. घरी मी काय वाढते ते मी सांगू शकते. तिकडचं यांनी सांगावं.”

चुलते, चुलतभाऊ, चर्चमधल्या दोन बाया, सगळे आपापल्या चपलांकडे बघत राहिले. नणंद-भावजयीत आजवर कधी वाकडा शब्द झाला नव्हता. दोघी एकमेकींना एदा म्हणायच्या, सणाला एकमेकींकडे डुकराचं मटण पोचवायच्या. भावजय बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं, हे तिओमिनारला कळत होतं.

मानाहान वाचला. महिन्याने घरी आला तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लाकूड झाले होते, तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि बोलणं गेलं होतं. एवढा ओरडून बोलणारा माणूस आता ‘तो, तो’ एवढंच म्हणत होता. तिओमिनार भेटायला गेली, तर दामेरिया दारातच उभी राहिली. तो झोपलाय म्हणाली. दुसऱ्यांदा गेली तेव्हाही तो झोपलेलाच होता. तिसऱ्यांदा आतून त्याचा तो-तो असा आवाज येत असताना दामेरियाने दार ओढून घेतलं. तेव्हा तिओमिनारला काय ते कळलं.

त्या संध्याकाळी तिने घरी मिठाची बरणी पुढ्यात घेतली. सव्वीस वर्षं ती अंदाजाने मीठ घालत आली होती, पातेल्याला तीन मुठी. आता तिने तीन मुठी मीठ ताटात ओतलं आणि चहाच्या चमच्याने मोजलं. अकरा चमचे भरले. पातेल्यात तीस ताटल्या निघायच्या आणि मानाहानच्या वाट्याला त्यातल्या दोन. शिवाय चव वाढवणारी पांढरी पूड, तिच्यातही मीठच, शिवाय वरून घालायच्या मिरचीच्या ठेच्यातलं मीठ. दुसऱ्या दिवशी ती आरोग्य केंद्रातल्या रुमोंदांग नर्सकडे गेली. माणसाने दिवसाला मीठ किती खावं असं विचारलं. सगळं मिळून एक चमचा, नर्स म्हणाली. कुणासाठी विचारताय, यावर तिओमिनार म्हणाली, माझ्यासाठीच, हल्ली चक्कर येते. भावासाठी असं सांगायला तिची जीभ उचलेना. बोळातली गोष्ट गावभर झाली होती. रुमोंदांगने बिचारीने तिचा रक्तदाब मोजला, नारळाचं दूध कमी करा, अंड्याचा पिवळा बलक सोडा, भाज्या वाढवा असं सगळं समजावून सांगितलं. तिओमिनारने एक एक शब्द लक्षात ठेवला. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला भरवायचं कसं, हे नर्सने सांगितलं नाही, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं.

मग तिओमिनार बिनमिठाच्या रशाच्या मागे लागली. टपरी आवरून घरी आली की एका लहान पातेल्यात तिचे प्रयोग सुरू व्हायचे. पहिल्या दिवशी तिने नुसतं मीठ काढून टाकलं. रसा असा लागला की जणू कुणी भांडी विसळून पाणी वाढलंय. दुसऱ्या दिवशी नारळ काढला, तर मिरची एकटीच घशाला ओरबाडायला लागली. तिने शेवया एकदा उकडून ते पाणी फेकलं, पुन्हा ताज्या पाण्यात उकडल्या. तळ्यातल्या माशाची डोकी आणि काटे उकळून त्यांचं पाणी गाळून घेतलं. कांदा तेलात तळायच्या ऐवजी निखाऱ्यावर काळा होईस्तोवर भाजला. दुधीचे काप दुप्पट केले. आंदालिमान आधी घालून बघितलं, शेवटी घालून बघितलं, कच्चं वाटून बघितलं. रोज संध्याकाळी ती एकटी बसून तो रसा प्यायची आणि रोज ताटली बाजूला सारायची. एक दिवस तर तिला रडूच फुटलं. आपल्या हाताला चव आहे असं आयुष्यभर लोक म्हणत आले, ती चव हातात नव्हतीच, बरणीत होती, असं तिला वाटायला लागलं.

एकदा न राहवून तिने तो रसा टपरीवर गिऱ्हाइकांना वाढला. मिनीबस चालवणारा पार्लिन पहिला घास घेऊन थांबला. तिथली तरणी पोरं लग्नाची मुलगी असलेल्या कुठल्याही बाईला मामी म्हणतात, कारण मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क; आणि तिओमिनारची मुलगी दूर बाताम शहरात नोकरीला होती.

“मामी,” पार्लिन ताटलीत बघत म्हणाला, “मुलगी देत नाहीस ते समजू शकतो. पण मीठ तरी दे.”

सगळी टपरी हसली. कुणीतरी म्हणालं, मामीने भावाची शिक्षा आम्हाला सुनावलीय. ते बोलणाऱ्याला लगेच कोपर मारण्यात आलं, पण बोललं गेलं ते गेलं. तिओमिनारने दुसऱ्या दिवसापासून टपरीवर जुनाच रसा ठेवला. लहान पातेलं मात्र सोडलं नाही.

एप्रिल अर्धा उलटल्यावर जमलं. रानआल्याची कोवळी फुलं बारीक चिरून शेवटच्या उकळीला घातली, खाली उतरवून डोंगरी लिंबाचा रस पिळला आणि आंदालिमान खमंग भाजून अगदी वरून चुरडलं. नारळाचं दूध पातेल्याला फक्त चार चमचे, तेही पाणचट. मिठाची चिमूट एकच. पहिल्या घोटाला तिने डोळे मिटले. आंबट, धुरकट, झणझणीत, आणि ओठ सुन्न. मिठाची आठवणच झाली नाही. रसा मात्र पातळ होता. पेल्यातून प्यावा इतका पातळ. तिला ते उलट बरंच वाटलं. जड काही पोटात जायला नको.

डबा घेऊन ती भावाकडे गेली. यात मीठ नाहीच म्हणायचं, नारळ नावापुरता, नर्सला विचारून केलंय, असं तिने दारात उभं राहून सांगितलं. दामेरियाने ऐकून घेतलं, डबा हातात घेतला आणि ठेवते म्हणाली. तिओमिनार घरी परतली ती तरंगत. दोन दिवसांनी बाजारात थोरली आत्या भेटली. ही दोघा भावंडांच्या वडलांची बहीण, ऐंशीची, डोळ्यांनी अधू. दामेरिया शाळेत गेली की मानाहानजवळ तीच बसायची. तिने तिओमिनारचा दंड धरून तिला बाजूला घेतलं.

“डुकरांना घातलंन गं सगळं. त्याला वास आला होता. तो-तो करत होता, रडत होता. मला दिसत नाही, पण रडणं ऐकू येतं ना मला.”

आणि मग, पालेभाजी चाचपत, आत्या सहज बोलल्यासारखं बोलली की शाळा एकला सुटते आणि स्वैपाकघराचं दार दिवसभर लोटलेलंच असतं.

आपण दोन रात्री विचार केला, असं तिओमिनार पुढे सांगायची. खरं तर तिने विचार केला तो डबा कसला न्यायचा याचा. जायचं हे त्याच क्षणी ठरलं होतं.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता ती मागच्या दाराने घरात शिरली. मानाहान खाटेवर उशांना टेकून अर्धवट पडला होता. तिला बघून त्याच्या तोंडाची चांगली बाजू वर गेली आणि वाईट बाजू तशीच राहिली. “तो,” तो म्हणाला. तिने शेवयांचे बोटाएवढे तुकडे करून आणले होते. चमच्याने एक घास आणि त्यावर रसा असं तिने भरवलं. पहिला घास गेला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आंदालिमानने की कशाने, तिने विचारलं नाही. तो खोकला. तिने पाठ चोळली आणि हसून म्हणाली, सवय सुटली वाटतं तुझी, झोंबायला लागलं. आणखी चार घास. पुन्हा खोकला. ओठ पुसले, डबा ओढणीआड धरला आणि साडेअकराला ती बाहेर पडली.

शाळा असलेले पाच दिवस ती गेली. रोज तो खोकायचा, रोज ती पाठ चोळायची. पाचव्या दिवशी त्याचा आवाज घोगरा आणि ओलसर येत होता, छातीत काहीतरी घरघरत होतं. सर्दी झालीय म्हणून तिने आल्याचं प्रमाण वाढवलं. ती आनंदात होती. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिला रात्री झोप लागत होती. आपण बावीस वर्षं जे केलं ते चमच्या-चमच्याने पुसून काढतोय असं तिला वाटत होतं.

सहाव्या दिवशी तिसऱ्याच घोटाला मानाहान खोकला नाही. खोकायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. चांगल्या हाताने त्याने तिचं मनगट धरलं. त्याचे ओठ जांभळे पडत गेले. तिओमिनारने त्याला पुढे वाकवलं, पाठीत बुक्के घातले, तोंडात बोटं घालून शेवया ओढून काढल्या. आत्या दाराच्या चौकटीला धरून ओरडत सुटली. शेजारचे धावले. रस्त्यावरून पार्लिनची मिनीबस चालली होती, ती त्यांनी अडवली. पार्लिनने बसमधली सगळी माणसं आणि कोबीच्या गोण्या तिथेच उतरवल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत मानाहानचा श्वास परत आला होता, पण तो श्वास करवत चालावी तसा वाजत होता.

तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाताना झालं. तिओमिनारच्या हातात डबा तसाच होता, तिला तो टाकायचंही सुचलं नव्हतं. तिने झाकण उघडून पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी डबा तिरका केला. रसा पाण्यासारखा एका कडेला धावला.

“मीठ नाहीसारखंच आहे यात,” तिओमिनार म्हणाली. “नारळसुद्धा नावालाच.”

“ते चांगलंच आहे हो. पण यांचा घसा अर्धा लुळा आहे. पातळ काही दिलं की ते खाली उतरायच्या आधीच श्वासनळीत शिरतं. रोज थोडं थोडं शिरत असणार. खोकत नव्हते का?” बाई छाती तपासायची नळी कानाला लावता लावता बोलत होत्या. “याच्यापेक्षा तुमचा नेहमीचा दाट रसा असता तरी बरं होतं.”

त्यांनी ते सहज म्हटलं. तिओमिनारने डबा परत घेऊन झाकण लावलं.

दामेरिया शाळेतून आली तेव्हा तिच्या बाहीला खडूची पूड होती. आत्याने तिला सगळं सांगितलं, मागचं दारही सांगितलं. आता ही आपल्याला बोळात सगळ्यांसमोर उभं करणार, म्हणून तिओमिनार वाट बघत राहिली. दामेरिया नवऱ्याला बघून आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

फुप्फुसं बिघडली होती. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. नाकातून अन्नाची नळी, हातातून सलाईन. दोघी आळीपाळीने बसायच्या, कधी कधी एकाच वेळी बसायच्या, आणि मधे एका माणसाची जागा रिकामी सोडायच्या. तिओमिनारने टपरी उघडली नाही. चर्चमधल्या बाया येऊन प्रार्थना म्हणून जायच्या आणि जाताना दोघींपैकी कुणाकडे आधी बघावं हे त्यांना कळायचं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी दामेरियाने शाळेच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि रिकाम्या जागेवर ठेवला.

“पहिल्यांदा घरी सोडलं तेव्हा दिला होता. चौथी ओळ.”

तिओमिनार तिसरीपर्यंत शिकलेली. तिने बोट ठेवून सावकाश वाचलं. पातळ पदार्थ देऊ नयेत. पाणी, चहा, रसा घट्ट करून द्यावा. बसवून, हनुवटी खाली करून भरवावं.

“तू वाचलं होतंस,” ती म्हणाली.

“त्याच दिवशी. मी तसंच भरवायचे. आत्यांना पाणीसुद्धा देऊ नका, एवढंच सांगून ठेवलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही.”

“मी चारदा आले दारात.”

“हो.”

“शाळेत चाळीस पोरांच्या वह्या तपासतेस तू, एदा. यातली एक ओळ मला वाचून दाखवायला तुझं काय जात होतं?”

“तुम्हाला घरात घ्यावं लागलं असतं.” दामेरिया समोरच्या भिंतीशी बोलत होती. “आणि घरात घेतलं असतं तर त्या दिवशी मी सगळ्यांदेखत जे बोलले ते मागे घेतल्यासारखं झालं असतं. मला ते मागे घ्यायचं नव्हतं. रात्री खारवलेली सुकी मासळी तळल्याशिवाय तो जेवायचा नाही. मीच तळायचे. डॉक्टरांनी खाण्याचं विचारलं तेव्हा मला पहिल्यांदा ती मासळीच दिसली डोळ्यांपुढे. ती तोंडातून निघायच्या आधी मी तुमचं नाव घेतलं.”

तिओमिनारच्या अंगात संताप चढला. हे सगळे महिने ती एकटीने गिळत आली होती. रोज सकाळी पळी उचलताना, रोज रात्री अंथरुणाला पाठ टेकताना. त्यातला अर्धा वाटा या बाईचा होता आणि तो हिने गुपचूप पिशवीत घालून ठेवला होता. तिला वाटलं उठावं, तो कागद हिच्या तोंडावर मारावा. पण मग तिला स्वतःचा हात आठवला, रशाने भरलेला चमचा धरलेला, आणि मनगटावरची मानाहानची पकड. तिने कागदाची घडी घातली.

“मी हे विसरणार नाही,” ती म्हणाली.

“मीही नाही,” दामेरिया म्हणाली. “तुम्ही मागच्या दाराने आलात.”

आतून नर्सने हाक मारली. छातीतला कफ ओढून काढायचा होता, तेवढ्यापुरतं रोग्याला धरायला कुणीतरी हवं होतं. दोघी एकदमच उठल्या. एकीने खांदे धरले, दुसरीने पाय.

अकराव्या दिवशी ताप उतरला तो परत चढला नाही. मानाहान घरी आला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षाही अर्धा झाला होता. नाकातली नळी जूनपर्यंत राहिली. ती काढायच्या दिवशी रुमोंदांग नर्स घरी आली आणि तिने दोघींना समोर बसवून भरवायला शिकवलं. चमच्यातून ओघळणार नाही इतकं घट्ट हवं, चमचा उलटा केला तरी क्षणभर चिकटून राहील असं. तिओमिनारने सगळं ऐकलं आणि शेवटी नर्सला सांगून टाकलं की मागे मीठ विचारायला आले होते ते चक्कर येत होती म्हणून नव्हे. नर्स म्हणाली, ते मला नंतर समजलं, मावशी. त्या दिवशी भरवण्याचं न सांगितल्याची रुखरुख तिलाही लागून राहिली असावी.

टपरी पुन्हा सुरू झाली. पातेल्यात मीठ घालताना तिओमिनार आता चमचा वापरते. एकदम कमी करायचं नाही हे ती पार्लिनकडून शिकली होती. दर पंधरवड्याला अर्धा चमचा, असं करत ती अकरावरून सातवर आली. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तिने कुणाला सांगितलं नाही. भाजलेला कांदा आणि रानआल्याची फुलं मात्र मोठ्या पातेल्यातही गेली. त्यांचं कौतुक झालं.

दहाला टपरी आवरून ती अकराला भावाकडे जाते, पुढच्या दाराने. दामेरियाने स्वैपाकघरातल्या भिंतीवर लाल शाईने लिहिलेली यादी चिकटवली आहे. किती चमचे, किती वेळ बसवायचं, खोकला आला तर काय करायचं. वहीत चूक दाखवावी तसं एकेका ओळीखाली रेघ ओढलेली आहे. तिओमिनार ती यादी रोज वाचते. दोघी एकमेकींशी बोलतात ते त्याच्या औषधांविषयी आणि पावसाविषयी. सणाला मटण अजून कुणी कुणाकडे पोचवलेलं नाही.

पहिल्यांदा गोमाक द्यायचं ठरलं तो शनिवार होता, शाळेला सुट्टी. तिओमिनारने शेवया मऊ होऊन फुटेपर्यंत उकडल्या, दगडी खलात घालून वाटल्या, गाळणीवर घासून काढल्या. रशात शिजवलेला दुधी आणि रताळं घोटून तो इतका दाट केला की पळी उभी राहावी. भाजलेलं आंदालिमान आणि लिंबू शेवटी. शेवयांचं नावही उरलं नव्हतं. वाटीत होता तो एक पिवळा गोळा.

मानाहानला खुर्चीत ताठ बसवलं. त्याने वाटीत बघितलं, मग बहिणीकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं की चीड, हे तोंड वाकडं असल्यामुळे नीट कळलं नाही. तिओमिनारने चमचा उलटा करून बघितला. गोळा चिकटून राहिला. तरी तिचा हात पुढे जाईना. तेव्हा दामेरिया पुढे झाली. तिने चमचा घेतला नाही. फक्त नणंदेच्या कोपराखाली हात धरला.

“हनुवटी खाली,” ती नवऱ्याला म्हणाली.

त्याने हनुवटी छातीला लावली. घास आत गेला. तो बराच वेळ तोंडात घोळवत राहिला, आणि त्याच्या डाव्या डोळ्याच्या कडेला पाणी साचलं. मग गळ्याची घाटी वर गेली, क्षणभर अडली आणि खाली आली.

दाराशी बसलेल्या आत्याने मान वाकडी करून कान दिला होता. तिघीजणी खोकल्याची वाट बघत होत्या. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल गेली, शेजारी बाई बादली आपटत होती. मानाहानने श्वास घेतला. तो कोरडा होता, नुसता श्वास.

“आणखी एक?” तिओमिनारने विचारलं.

तो वाटीकडे बघत राहिला. मग त्याने हळूच मान डोलावली, आणि तिने दुसरा चमचा भरला.